पवनी : थांबा वीस मिनिटे

माईक माझ्याकडे असतो, म्हणून मीच बोलते.
सकाळी मनसरला बोलले, मग रामटेकच्या पायऱ्यांवर,
ऊन चढलं तसा आवाज बसत गेला.
मागच्या सीटवर तिलोत्तमाबाईंनी चिवड्याचा डबा उघडला
आणि वाकाटक संपले.

पवनीला काय आहे, असं सगळेच विचारतात.
मी सांगते : वैनगंगा आहे, कोट आहे,
खंदकाच्या पाण्यात शिंगाड्याचे वेल आहेत.
आणि स्तूप?
स्तूप होता.

टेकडीवर एकोणतीस माणसं उभी राहिली
आणि झुडपांकडे बघू लागली.
दगड कुठायत? संग्रहालयात.
कठडे? तेही.
मग फोटो कशाचा काढायचा?
कुणीतरी बाभळीचा काढला.
माझ्या कागदावर पुढचं वाक्य होतं :
‘आता डोळे मिटून कल्पना करा.’

“कल्पना काहून करता बाई?
मी होतो ना इथं.”

बाभळीखाली डोमाजी शेंडे. चार शेळ्या,
पाचवी त्याच्या धोतराचा सोगा चघळत होती.
खोदकाम झालं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा पोट्टा,
माय माती वाहायची
आणि हा तिची चुंबळ सांभाळायचा.

तो चालू लागला, आम्ही मागे.
इथं साहेबाचा तंबू.
इथं माय भाकर सोडायची, कांदा बुक्कीनं फोडायची.
इथं विंचू निघाला, लाल.
इथून खांब निघाला तर साहेब ओरडला, हळू! हळू!
“आमाले त कोनी कधी हळू म्हनलं नव्हतं,
मले वाटलं, खांब जिता हाय.”

मी घड्याळ पाहिलं. माझ्याकडे शतकं होती,
त्याच्याकडे टोपल्या.
दिवसाला किती, ओली किती, कोरडी किती,
मान कुठे धरते.

“साहेबानं मले एकच शब्द शिकवला,” म्हणाला,
आणि काठीनं धुळीत काढला.
पहिलं अक्षर बाई टोपली उचलायला वाकते तसं.
दुसरं म्हणजे शेळी बांधायची खुंटी, जमिनीत ठोकलेली.
वर एक टिंब.
“दानं. सगळ्या दगडाइवर हेच.
कोन्या बाईनं देल्ला, कोन्या बुवानं देल्ला,
नाव अन् मंग हे.
मले नाव वाचता नाही येत. देल्लं तेवढं वाचता येते.”

तिलोत्तमाबाई खाली बसल्या, गुडघ्यांची तक्रार न करता,
बोटानं खुंटी गिरवली.
“आणि तुमच्या आईचं नाव कुठे?”

“मायचा आंगठा हाय ना जी.
हजेरीच्या कागदावर, दर शनवारी.
तो बी नेला असन त्याइनं नागपूरले.”

खालून रफीकभाईंनी हॉर्न दिला.
शेळ्या अक्षरांवरून गेल्या,
आधी वाकलेल्या बाईवरून, मग खुंटीवरून.
टिंब राहिलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या भोयरांनी
पन्नासची नोट पुढे केली, हसून म्हणाले,
घ्या, आमचंही दान.
डोमाजीनं नोट घेतली, चार घड्या घातल्या,
टोपीच्या शिवणीत खोचली.
“दान नोहे, साहेब.
रोजी हाय.”

मग मी डोकी मोजली. एकोणतीस.
पुन्हा मोजली, कारण मधेच चुकले होते,
ओली किती, कोरडी किती.

उमरेडपर्यंत माईक मांडीवर होता.
कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.
अभिप्रायाच्या कागदावर सात जणांनी लिहिलं :
पवनीला बघण्यासारखं काही नाही.
बरोबर आहे.

पुढच्या महिन्याचं वेळापत्रक काल टाइप केलं.
मनसर, रामटेक, जेवण,
पवनी : थांबा पन्नास मिनिटे.
खाली बारीक अक्षरात
माहिती देणाऱ्याचं नाव आणि त्याची रोजी.
शेळ्यांचं मात्र नक्की सांगता येत नाही.